सावज हाकलणारा भुकेला माणूस

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सेई लिओन्तिएव यांनी दिलेलं शिकारीचं उदाहरण मला फार आवडतं. टोळीतला एक जण हाकारे घालून सावज पळवून लावतो. भुकेला माणूस अन्न स्वतःपासून दूर हाकलतोय! एकट्या त्याच्याकडे पाहिलं तर वेडेपणा; पुढे दबा धरून बसलेले सोबती दिसले की अर्थ लागतो. त्यांच्या ॲक्टिव्हिटी थिअरीत, म्हणजे माणसाची कृती सगळ्या उपक्रमाच्या संदर्भात समजून घेणाऱ्या सिद्धांतात, हेतू सगळ्या उपक्रमाचा असतो, ध्येय एकेका कृतीचं, आणि सरावाने आपोआप घडणाऱ्या क्रिया परिस्थितीप्रमाणे ठरतात.

मी चित्रकथा काढते. पात्रांचे हात काढणं एके काळी स्वतंत्र कृती होती, प्रत्येक बोटाचा विचार करून केलेली. पुढे ते सहज जमू लागलं. मग टॅब्लेट आला आणि साधी वळणदार रेषसुद्धा पुन्हा लक्ष मागू लागली. कौशल्य गेलं नव्हतं, साधन बदललं होतं. (हे कळल्यावर चिडचिड थांबली असं मुळीच नाही.)

फिनलंडचे संशोधक इर्यो एंगेस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये या मांडणीत नियम, समुदाय आणि श्रमविभागणी आणली. व्यवस्थेतले अंतर्विरोधच बदल घडवतात, असं ते मानतात. स्वविकासाच्या सल्ल्यांपेक्षा मला हे पटतं. तिथे सगळं खापर इच्छाशक्तीवर फुटतं. माझं पान अडलं की मी आता अंतर्विरोध शोधते. बहुतेकदा मला रेंगाळणारी कथा हवी असते, संपादकांना ठरलेल्या पानांत बसणारी. सध्या आम्ही एक मोठा प्रसंग छोट्या भागांत तोडून पाहतोय. संवाद जवळजवळ गेलेत, चौकटी मात्र रुंद झाल्यात.