फिरते घर घेताना आधी रात्री मोजाव्यात, मग बर्थ

सात वर्षांपूर्वी आम्ही पहिले मोटरहोम घेतले. लांबी 7 मीटरच्या वर, सहा बर्थ, मागे सामानाचा मोठा कप्पा आणि आत पाऊल टाकताच घराच्या दिवाणखान्यात आल्याचा भास. घरात माणसे चार: मी, पत्नी, मुलगी आणि आई. उरलेले दोन बर्थ भाऊ-वहिनी कधी सोबत आले तर असावेत, म्हणून घेतलेले. तीन वर्षांत भाऊ-वहिनींना एकदाही जमले नाही, त्या बर्थवर अंथरुणांच्या पिशव्या राहिल्या आणि अरुंद रस्त्यांची गावे आमच्या प्रवासातून एकेक करून वगळली गेली. अखेर ती गाडी विकली. दुसरी घेण्यापूर्वी मात्र जवळपास वर्षभर आम्ही मोजमापे केली, गाड्या भाड्याने घेऊन पाहिल्या आणि स्वतःच्या सवयी तपासल्या. घराखालोखाल मोठा खर्च असलेली ही खरेदी अनेक कुटुंबे एका दुपारच्या भेटीत ठरवून मोकळी होतात, म्हणून त्या वर्षात जे उमगले ते सविस्तर लिहीत आहे.

पहिले काम गाड्या पाहण्याचे नाही, वही उघडण्याचे आहे. गेल्या दोन वर्षांत आपण घराबाहेर किती रात्री काढल्या, त्यांतल्या किती एकाच ठिकाणी सलग काढल्या, कोणत्या महिन्यांत, किती जणांनी, आणि मुक्कामाच्या जागी वीज-पाण्याची सोय होती का, एवढे आठवून लिहावे. पुढे निवृत्त झाल्यावर किंवा मुले मोठी झाल्यावर आपण कसे फिरू, याची स्वप्ने त्या पानावर येऊ देऊ नयेत. आमच्या वहीत दोन वर्षांच्या 41 रात्री निघाल्या आणि त्यांतल्या 30 रात्री एक किंवा दोन दिवसांच्या मुक्कामांच्या होत्या. आई यांतल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या प्रवासांतच सोबत होती. या एका पानाने पुढचे निम्मे प्रश्न सोडवले.

एका जागी किती रात्री राहायचे, यावर गाडीचा प्रकार ठरतो. रोज किंवा दिवसाआड मुक्काम हलवायचा असेल, तर मालवाहू व्हॅनवर बांधलेली कॅम्परव्हॅन सोयीची, कारण ती साध्या रस्त्यावर साध्या गाडीसारखी चालते आणि संध्याकाळी पोहोचल्यावर दहा मिनिटांत मुक्काम मांडून होतो. आठवडा-आठवडा एकाच ठिकाणी राहणाऱ्यांनी मात्र मोटारीमागे ओढायच्या कॅराव्हॅनचा विचार अवश्य करावा, कारण ती एकदा टेकूंवर उभी केली की मोटार मोकळी होते आणि औषध आणायला जाताना संपूर्ण घर आवरून सोबत न्यावे लागत नाही. मोठ्या मोटरहोममध्ये नेमके तेच करावे लागते. भांडी कपाटात, खिडक्या बंद, विजेची वायर गुंडाळलेली, आणि मग गाडी सुरू. ज्यांना लांबच्या प्रवासात आत सहज वावरायला जागा हवी आहे आणि महिनोन्महिने गाडीतच राहायचे आहे, त्यांच्यासाठी मोठे मोटरहोम योग्य आहेच. पण कॅराव्हॅन ओढायची तर आपली सध्याची मोटार किती वजन ओढू शकते, हे आधी पाहावे. नाहीतर खरेदी एका वाहनाची ठरते आणि घ्यावी लागतात दोन.

निव्वळ हौसेच्या भटकंतीसाठी बांधलेल्या सुरुवातीच्या कॅराव्हॅनपैकी एक म्हणजे 1885 सालची ब्रिटनमधली ‘द वाँडरर’. एका निवृत्त नौदल डॉक्टरांनी ती बांधून घेतली होती. सुमारे 18 फूट लांबीचे आणि दोन टनांच्या आसपास वजनाचे ते लाकडी घर दोन घोडे ओढत, आणि पुढचा रस्ता पाहण्यासाठी एक सेवक तीनचाकी सायकलवर आघाडीला असे. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. फिरत्या घराची लांबी, उंची आणि वजन ही तेव्हाही घरमालकाची पहिली काळजी होती आणि आजही आहे. फरक इतकाच की तो सायकलस्वार आता आपणच व्हायचे असते. गाडीची खरी उंची, म्हणजे छतावरचा एसी आणि सोलर पॅनल धरून येणारी, चालकासमोर चिकटवून ठेवावी आणि खरेदीपूर्वी आपल्या नेहमीच्या वाटेवरचे पूल, पार्किंगच्या कमानी व घराचे फाटक तिच्याशी ताडून पाहावे.

आता वजन. या एका विषयावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण विक्रेते त्यावर सर्वांत कमी बोलतात. प्रत्येक गाडीचे एक रिकामे वजन असते आणि एक कमाल एकूण वजन असते. दोहोंतला फरक म्हणजे आपली माणसे, पाणी, कपडे आणि सामान यांच्या वाट्याला येणारी भारक्षमता. रिकाम्या वजनात काय काय धरले आहे हे मात्र सगळीकडे सारखे नसते. युरोपीय नियमांत 75 किलोचा चालक आणि 90 टक्के भरलेली इंधनाची टाकी त्यात धरतात, तर उत्तर अमेरिकेत ट्रेलरच्या, म्हणजे मागे ओढायच्या घराच्या, बाबतीत सांगितल्या जाणाऱ्या कोरड्या वजनात पाणी नसते आणि नंतर बसवलेल्या वस्तू बहुधा नसतात. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: हीच गाडी, या अवस्थेत, काट्यावर किती भरली?

आमच्या पहिल्या गाडीची कमाल मर्यादा 3500 किलो होती आणि कागदावरची भारक्षमता 420 किलो. ऐकायला भरपूर वाटते. चालकाखेरीज तिघांचे वजन 165 किलो आणि भरलेल्या टाकीतले 110 लिटर पाणी म्हणजे 110 किलो, इथेच 275 संपले. बाहेर ओढायचे कापडी छत 30 किलोचे, मागचा रॅक आणि त्यावरच्या दोन विजेच्या सायकली मिळून 65. उरले 50 किलो, आणि त्यात चौघांचे कपडे, अंथरुणे, भांडी, खुर्च्या, हत्यारांची पेटी, जादा बॅटरी आणि गॅस बसवायचा होता. दुसऱ्या वर्षी एका प्रवासाच्या आदल्या दिवशी मी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेली. काचेआडच्या माणसाने छापील चिठ्ठी पुढे सरकवली, तीवर 3640 हा आकडा होता. म्हणजे वर्षभर आम्ही सुमारे 140 किलो जास्त भार घेऊन, मुलीला आणि आईला मागे बसवून, घाट उतरत होतो. जादा वजनाने थांबायला लागणारे अंतर वाढते, टायर तापतात, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला हरकत घ्यायला कारण मिळते. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

एकूण वजन मर्यादेत असले म्हणजे झाले, असेही नाही. प्रत्येक ॲक्सलची, म्हणजे चाकांची जोडी धरणाऱ्या आडव्या दांड्याची, मर्यादा वेगळी असते आणि मागच्या चाकांपलीकडे टांगलेले वजन तरफेसारखे काम करते. आमच्या त्या गाडीत दोन ॲक्सलमधले अंतर 3.8 मीटर होते आणि सायकलींचा रॅक मागच्या ॲक्सलपासून साधारण 2.2 मीटर मागे. गणित मांडले तर 65 किलोच्या रॅकने मागच्या ॲक्सलवर जवळजवळ 103 किलो भार टाकला आणि पुढचा ॲक्सल 38 किलोने हलका केला. गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाणारी असल्यामुळे ओल्या गवतावर ती चाके जागच्या जागी का फिरत, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. कॅराव्हॅनचा धडा याच जातीचा आहे. तिच्या पुढच्या टोकाचा भार मोटारीच्या हुकावर पुरेसा पडला नाही, तर वेगात ती डावी-उजवीकडे झुलू लागते. उत्तर अमेरिकेत हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के ठेवावा असे सांगतात. जड सामान मागच्या टोकाला कोंबण्याजोगीच रचना असलेली कॅराव्हॅन, आतून कितीही सुंदर असली तरी, मी घेणार नाही.

बर्थ मोजण्याआधी सीटबेल्ट मोजावेत. सहा जण झोपू शकतील अशा गाडीत प्रवासाच्या वेळी बसायला बेल्टच्या जागा चारच असू शकतात. चालत्या कॅराव्हॅनमध्ये तर माणसांनी बसूच नये. अनेक देशांत त्यावर बंदी आहे. चालकाच्या डोक्यावरचा बर्थ मुलांना फार आवडतो, पण तिथे शिडीने चढावे लागते, आणि रात्री दोनदा उठणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो उपयोगाचा नाही. आमच्या आईने एकदाच प्रयत्न केला आणि पुढचे सर्व प्रवास ती जेवणाच्या टेबलाच्या जागी मांडलेल्या बिछान्यावर झोपली. परिणामी ती झोपली की बाकी तिघांना बसायला जागा नसे, आणि आम्ही जागे असेपर्यंत तिला आडवे होता येत नसे. रोज मांडावा आणि मोडावा लागणारा बिछाना चार दिवस चालतो, चाळीस रात्री चालत नाही. निदान एक कायमचा, बसून पाय खाली सोडता येतील इतक्या उंचीचा बिछाना असावा, हे आता माझे ठाम मत आहे.

व्हॅनमध्ये आडवा बिछाना पाहताना टेपने माप घ्यावे. बऱ्याच व्हॅनची आतली रुंदी 1.8 ते 1.9 मीटरच्या दरम्यान असते, आणि भिंतींना आतून अस्तर व उष्णतारोधक थर लावल्यावर ती आणखी कमी होते. माझी उंची 1.78 मीटर आहे. दुकानात उभ्याने पाहून जो बिछाना पुरेसा वाटला, त्यावर प्रत्यक्ष आडवे झाल्यावर डोके एका भिंतीला आणि टाचा दुसऱ्या भिंतीला टेकल्या. बूट काढून, दोघांनी एकत्र, दहा मिनिटे पडून पाहावे. विक्रेत्याला विचित्र वाटले तरी वाटू द्यावे.

याहून खरी परीक्षा भाड्याच्या गाडीत होते. आम्ही तीन प्रकारच्या गाड्या प्रत्येकी चार-पाच दिवस घेतल्या, आणि सर्वांत जास्त शिकवले ते सलग पावसाच्या दोन दिवसांनी. दार उघडले की पहिले पाऊल कुठे पडते, चिखलाचे बूट कुठे राहतात, ओले रेनकोट कुठे टांगायचे, एक जण ओट्यापाशी उभा असताना दुसऱ्याला स्वच्छतागृहात जाता येते का, हे माहितीपत्रकातल्या नकाशावरून कधीच कळत नाही.

वीज आणि पाणी यांचा हिशेब, सोयी असलेल्या कॅम्पवरच राहणाऱ्यांना फारसा लागत नाही. उघड्यावर राहणाऱ्यांनी तो करावाच. 12 व्होल्टची, 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी सुमारे 1280 वॉट-तास वीज साठवते. आमचा फ्रिज, दिवे, पंप, पंखा, फोन आणि लॅपटॉप मिळून दिवसाला 800 वॉट-तासांच्या आसपास घेतात, म्हणजे ऊन नसेल तर दीड दिवस निभावतो. जुन्या पद्धतीच्या लेड-ॲसिड बॅटरीतून तिच्या आयुष्याच्या काळजीने निम्मीच क्षमता वापरावी लागते. छतावरचा एसी साधारण 1000 वॉट किंवा त्याहून जास्त ओढतो, तेव्हा एका बॅटरीवर रात्रभर एसी चालेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पाण्याच्या बाबतीत लोक स्वच्छ पाण्याची टाकी पाहतात आणि सांडपाण्याची विसरतात. ती आधी भरली तर स्वच्छ पाणी शिल्लक असूनही मुक्काम हलवावा लागतो.

थंडीत फिरणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. टाक्या आणि नळ्या गाडीच्या पोटाखाली उघड्या असतील तर त्या गोठतात. ब्युटेन वायू शून्य अंशाच्या जवळपास, नेमके म्हणजे उणे 0.5 अंशाखाली, बाष्प होत नाही आणि हिटर विझतो, तर प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत काम देतो. आणि लिथियम बॅटरीचे तापमान शून्याखाली असताना ती चार्ज करू नये, म्हणून ती गाडीच्या उबदार भागात बसवलेली असावी.

जुनी गाडी घेण्यात शहाणपण आहे, पण तिचा खरा शत्रू इंजिन नव्हे, ओल आहे. छताच्या आणि खिडक्यांच्या कडांचे सील कोरडे पडतात, पाणी मुंगीच्या पावलांनी आत शिरते आणि भिंतीआडचे लाकूड वर्षानुवर्षे कुजत राहते. आम्ही एक अतिशय देखणी, दहा वर्षांची गाडी जवळजवळ नक्की केली होती. पत्नीने डोक्यावरच्या कोपऱ्यातले कपाट उघडले, वास घेतला आणि आतल्या प्लायवर अंगठा दाबला. अंगठा ओल्या पुठ्ठ्यात रुतावा तसा रुतला. बाहेरून तिथे ताजे, पांढरेशुभ्र सीलंट लावलेले होते. तेव्हापासून गाद्या उचलून, कपाटांचे कोपरे दाबून आणि ओल मोजण्याचे यंत्र फिरवूनच आम्ही पुढचे बोलणे करू लागलो. टायरची नक्षी पाहून समाधान मानू नये, कारण या गाड्या धावतात कमी आणि उभ्या जास्त राहतात, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक पाहावेत. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे.

वहीतले ते पान समोर ठेवून आम्ही शेवटी 6 मीटरची, उघडणाऱ्या छपराची जुनी व्हॅन घेतली. मागचा आडवा बिछाना कायमचा आहे. आई सोबत असते तेव्हा ती आणि मुलगी, दोघीही माझ्याहून बुटक्या असल्याने, तिथे आरामात झोपतात आणि आम्ही दोघे वर जातो. बेल्टच्या जागा चार, पाचव्या माणसाची सोय नाही. सौदा पक्का करण्यापूर्वी मालकाच्या परवानगीने आम्ही आमचे सगळे सामान तिच्यात भरले, दोन्ही टाक्या भरल्या, चौघे बसलो आणि काट्यावर गेलो. आकडा आला 3320, म्हणजे 180 किलो शिल्लक होते, आणि दोन्ही ॲक्सल आपापल्या मर्यादेत होते. त्यानंतर आम्ही पैसे दिले.