दबक्या आवाजातलं इंग्रजी

परवा दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, भाचीच्या टेबलावर एक छापील कागद दिसला. वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांचा डीएनएची रचना मांडणारा लेख, 'नेचर', २५ एप्रिल १९५३. एका पानाहून जरासा मोठा. शेवटाकडे ते प्रसिद्ध वाक्य: डीएनएतल्या घटकांच्या आम्ही मांडलेल्या जोड्यांवरून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल हेही लगेच सुचतं, ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटलेली नाही.

सुटलेली नाही! पिढ्यान्‌पिढ्यांचं गुपित हाती लागलं, आणि आवाज हा असा.

मला आप्पाकाका आठवले. चाळीतले इंग्रजी अर्ज तेच लिहीत. नळ कोरडा पडला की आधी मराठीत संबंधित खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मग चष्मा, फूलस्केप, आणि माणूस एकदम साहेब. 'इट अपिअर्स दॅट', 'परहॅप्स ड्यू टू ओव्हरसाइट'. चार मजले बादल्या चढवणाऱ्या काकूचा संताप कागदावर उतरेपर्यंत 'सम इनकन्व्हिनियन्स' एवढाच उरायचा.

"अहो, पाणी नाही हे लिहिलंत ना त्यात?" काकू विचारायची.

"सगळं आलं त्यात," काका म्हणायचे.

पाणी यायचं ते त्याच्या मर्जीनं.

मला वाटायचं, ही सगळी साहेबी सभ्यता. पण क्रिकनं पुढं लिहून ठेवलंय की ते वाक्य म्हणजे तडजोड होती. त्याला आनुवंशिकतेबद्दल सविस्तर लिहायचं होतं. वॉटसनला धास्ती, रचनाच चुकली असली तर? शेवटी निदान एवढं तरी छापू, नाहीतर दुसरा कोणी तेच सुचवेल आणि आम्हाला ते दिसलंच नाही असं धरून चालेल. म्हणजे गर्दीच्या एसटीत खिडकीतून टाकलेला रुमाल! पाच आठवड्यांनी, ३० मेच्या अंकात, दोघं त्या जागेवर ऐसपैस बसलेही.

इथं मी कागद ठेवणार होते. पण खाली बारीक टाइपात आभार होते. डीएनएवरच काम करणारे लंडनचे शास्त्रज्ञ विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या 'सर्वसाधारण स्वरूपा'ची माहिती असल्यानं आम्हाला चालना मिळाली, असं काहीसं. रोझलिंड फ्रँकलिन यांच्याकडचा क्ष-किरण फोटो वॉटसननं पाहिलेला होता. त्यांची मापं असलेला अहवाल क्रिकनं वाचलेला होता. १९५८ मध्ये, ३७व्या वर्षी, त्या गेल्या; वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांचं नोबेल १९६२चं.

सर्वसाधारण स्वरूप म्हणे.