तुम्ही विचारलंत म्हणून: नसबंदी केल्याचा पश्चात्ताप होतो का?

आमच्या कुत्रीला, चिंगीला, झोपेत शू होते हे कळलं की जवळपास प्रत्येक जण विचारतो, ऑपरेशनमुळेच ना हे, मग पश्चात्ताप होत नाही का?

ऑपरेशनमुळे झालं हे खरंय. चिंगी लॅब्रॅडॉर, दीड वर्षाची असताना नसबंदी केली आणि पाचव्या वर्षी एका सकाळी ती उठली तर गोधडीवर ताटलीएवढा ओला डाग. मला वाटलं पाणी सांडलं. तिसऱ्या दिवशी मात्र मी तिच्यावर जोरात ओरडले आणि ती कान पाडून तो डाग चाटायला लागली. मला पश्चात्ताप आहे तो त्या ओरडण्याचा, कारण आपल्याकडून काय झालंय हे तिला माहीतच नव्हतं. जागी असताना ती दाराशी येऊन सांगते, खाली जाऊनच करते. नसबंदीत अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन कमी होतं, मूत्रमार्ग आवळून धरणारे स्नायू सैल पडतात, जागेपणी निभावतं पण गाढ झोपेत गळतं. वीस किलोच्या वरच्या कुत्र्यांमध्ये हे जास्त दिसतं, बॉक्सर, डॉबरमनमध्ये तर खूपच.

डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही हे फार बरं केलं. आधी युरिन, कल्चर म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ती तपासणी, शुगर, किडनी, खडा आहे का बघायला सोनोग्राफी, कारण इन्फेक्शन किंवा डायबेटिसमध्येही असंच होऊ शकतं आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे. सगळं नॉर्मल आलं तेव्हा फेनिलप्रोपॅनोलामाइन, म्हणजे ते सैल स्नायू आवळणारं औषध, सुरू केलं, वजनावरून डोस, दिवसातून दोनदा. याने बीपी वाढू शकतं म्हणून ते अधूनमधून तपासतो. काहींना एस्ट्रिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, देतात, तेही चालतं, ते हळूहळू कमी करत कमीत कमी डोसवर आणतात. पण प्लीज, या औषधाऐवजी म्हणून मेडिकलमधून माणसांची सर्दीची गोळी आणून देऊ नका, त्यात पॅरासिटामॉल वगैरे असतं, कुत्र्यांना ते विषारी ठरू शकतं.

आई म्हणाली रात्री पाणीच ठेवू नकोस. नाही, पाणी तोडायचं नाही, तहानलेलं ठेवून स्नायू काही घट्ट होत नाहीत. वजन मात्र उतरवलं, 34 वरून 31 किलो, त्याने फरक पडला. आणि मागचा भाग रोज कोमट पाण्याने पुसून कोरडा करते, नाहीतर कातडी लाल होते.

आता तुमचा प्रश्न. नाही, नसबंदीचा पश्चात्ताप नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला, रात्री अकराला तिला उचलून ऑपरेशनला न्यावं लागलं, वाचली पण तिचे ते चार दिवस मी पाहिलेत. त्यापुढे माझ्या रोजच्या दोन चादरी काहीच नाहीत. आणि आता तर रोज धुवाव्याही लागत नाहीत, गोळी पोळीच्या तुकड्यात दडवून वेळेवर दिली की गोधडी कोरडी असते, एखाद्या रात्री विसरले तर सकाळी परत तोच डाग, मी काही न बोलता चादर बदलते आणि ती तिथेच पुन्हा आडवी होते.