चित्र अक्षराशेजारी नको, अक्षरातच हवं

माझा मुलगा तिसरीत असताना त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण, असल्याचं निदान झालं. आधी डोळे आणि कान तपासले, मग बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या. बुद्धी उत्तम, नजर उत्तम. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड तेवढी बसत नव्हती. 'लक्षच देत नाही' हे ऐकून ऐकून पोर खचलं होतं. म्हणून तो अहवाल हातात आला तेव्हा मला हायसं वाटलं.

घरात चित्रांचा तक्ता होताच. 'घ घराचा, ध धनुष्याचा' तो घडाघडा म्हणायचा. विशेष शिक्षिका असलेल्या बाईंनी चित्रांवर कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि पुन्हा विचारलं, तर घ-ध, भ-म सगळ्यांचा गोंधळ. तो इतके दिवस चित्रच वाचत होता. अक्षराकडे बघायची त्याला गरजच पडत नव्हती.

बाई म्हणाल्या, चित्र अक्षराच्या अंगातच काढा. घ-ची शिरोरेषा अखंड असते, तिच्यावर आम्ही कौलं काढली. झालं घराचं छप्पर. ध-ची रेघ डावीकडे तुटते आणि तिथे वळण येतं. ते धाग्याचं टोक, पुढे सुई. म म्हणजे झाकण ठेवलेलं मडकं, ही कल्पना लेकाचीच. भ-च्या वरच्या वळणातून भाकरीची वाफ निघते, हीसुद्धा त्याचीच. दोन अक्षरांत जिथे फरक, नेमकं तिथेच चित्र, ही यातली खरी मेख. मग चित्र हळूहळू पुसायचं: आधी रंगीत, नंतर फिकी पेन्सिल, नंतर नुसते ठिपके, शेवटी कोरं अक्षर. इथे घाई अजिबात करू नये.

वेलांटीसाठी शब्दांच्या जोड्या केल्या: वाट-वाटी, पाट-पाटी, काठ-काठी. कार्डाच्या पुढे शब्द, मागे चित्र. एका वेलांटीने चित्रच बदलतं हे दिसलं की तो वेलांटी गाळेनासा झाला.

गोष्टीच्या पुस्तकात चित्र आधी झाकतो. वाक्य वाचायचं, मग कागद उचलून पडताळायचं. अंदाज करून पुढे पळायची सवय याने बरीच सुटली. बाजारातल्या चित्रांनी गच्च भरलेल्या पुस्तकांपेक्षा मला एका पानावर एकच चित्र असलेली साधी पुस्तकं कितीतरी बरी वाटतात.

आणि हो, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे, आणि डिस्लेक्सिया त्यातच येतो. शाळेशी बोलताना संकोच करू नका. परीक्षेत जादा वेळ मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे.

सध्या आमची गाडी रफारावर अडली आहे. 'सूर्य'मधला र लिहायचा य-च्या डोक्यावर, पण उच्चारायचा य-च्या आधी. हे दाखवणारं चित्र अजून सापडलेलं नाही. कुणी केलं असेल तर जरूर सांगा.