नाग नदीच्या उगमाकडे एक रविवार: लाव्ह्याच्या टेकडीवर रायमुनिया (घाणेरी) काढायला जायचं असेल तर

परवाच्या रविवारी लाव्ह्याच्या टेकडीवर जाऊन आलो, म्हणजे आपल्या नागपूरची नाग नदी जिथे सुरू होते तिथे. आमच्याकडचा एक ग्रुप आहे, बँकेतले लोक, कॉलेजची पोरं, दोनतीन रिटायर्ड काका आणि गावातल्याच काही बाया, हे सगळे पावसाळाभर दर रविवारी तिथे बाहेरच्या देशांतून आलेली झुडपं काढतात आणि आपलं गवत, आपली झाडं परत आणतात. मी पहिल्यांदाच गेलो. आल्यापासून कसं जायचं, काय न्यायचं असं तिघाचौघांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

जायला सोपं आहे, बर्डीवरून (सीताबर्डी) अमरावती रोडने वाडी आणि तिथून लाव्ह्याचा फाटा. सकाळी सहाला वाडीत भेटायचं म्हणजे सहालाच, कारण नऊनंतर ऊन पडलं की पावसाळ्यातही घामाने जीव जातो. शेवटचा रस्ता कच्चा, काळ्या मातीचा, पाऊस झालेला असेल तर गाडी गावातच ठेवा आणि चालत जा. आमच्यातल्या एकाची स्कूटी चिखलात फसली, तिघांनी ओढून काढेपर्यंत वीस मिनिटं गेली.

उगम म्हटल्यावर मला वाटलं होतं कुंड वगैरे असेल. तसं काही नाही, मुरमाड उतार आणि त्यातून झिरपत येणारे दोनतीन ओहोळ, पाय बुडेल इतकंसं पाणी पण इतकं स्वच्छ की तळाचे खडे दिसत होते. हेच पाणी पुढे अंबाझरीत येतं, शहरातून जाताना आपलं सगळं सांडपाणी घेतं, मग पिवळी नदी, कन्हान आणि शेवटी वैनगंगा. ज्याला आपण नाला म्हणतो तिचं पाणी हातात घेऊन पाहिलं, खरंच भरून आलं.

माझी मावशी नदीकाठच्या एका लेआउटमध्ये राहते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तिच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता, तो टेकडीवरच्या गवताने अडला असता असं मी म्हणत नाही. पण उघड्या मुरमावर पडलेलं पाणी कसं धावत सुटतं आणि गवताच्या बुडख्यांत पडलेलं कसं थबकत थबकत उतरतं हे त्या दिवशी एकाच उतारावर शेजारी शेजारी पाहिलं, एकीकडे लाल गढूळ धार आणि दुसरीकडे जवळपास नितळ पाणी. मावशीला फोटो पाठवले.

आता कामाचं. मला वाटलं झाडं लावायची असतील, पण तीन तासांतले दोन तास नुसतं काढण्यातच गेले. रायमुनिया, म्हणजे पुस्तकातली घाणेरी किंवा टणटणी, ओहोळाच्या दोन्ही काठांनी अशी माजलीय की खाली गवताचं पातं नाही. मी जोशात कोयत्याने वरून छाटायला लागलो तर गावातल्या एक ताई म्हणाल्या, "भाऊ, वरून नका कापू नं, चार दिवसांत दुप्पट येते ते. मुळी पाहा आधी." मग त्यांनी दाखवलं, टिकासने (कुदळीने) माती बाजूला करायची, जिथून फांद्या फुटतात त्याच्या खाली तीनचार बोटं मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे, दगडावर ठेवायचं. ओली फांदी मातीत पडली तर ती परत रुजते, ओहोळात तर चुकूनही टाकू नका, खाली वाहत जाऊन तिथे उगवेल. आणि हात घालायच्या आधी घरटं आहे का पाहा, एका झुडपात बुलबुलचं सापडलं म्हणून ते तसंच सोडलं. सगळं एकदम साफ करतही नाहीत, पट्ट्यापट्ट्याने काढतात, पाखरांना आडोसा राहतो आणि माती उघडी पडत नाही. हे मला फार पटलं.

गाजर गवत फुलायच्या आधीच उपटायचं, आणि हातमोजे घालूनच, अंगावर खाज येते, दमा असेल तर त्या कामापासून लांबच राहा. काठावरची बेशरम नावाची झुडपं ओढून काढायला दोन माणसं लागतात.

लावायला काठाला अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर, वर उतारावर पळस, धावडा, बेहडा, मोह. घरून रोपं आणू नका, विशेषतः गुलमोहर, तो मुळात मादागास्करचा, आणि सुबाभूळ तर अजिबातच नको. काही द्यायचंच असेल तर बिया गोळा करा, पण मोह आणि कडुलिंबाच्या बिया लवकर मरतात, पडल्या की आठवड्याभरात पोचवा. खड्ड्याच्या खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखी मातीची पाळ करायची म्हणजे पाणी रोपाशी थांबतं, पिशवी फाडून काढायची आणि बुडाशी गोल वळलेली मुळं छाटायची. मी पहिल्या दोन रोपांना हे केलंच नाही, काकांनी परत काढून करायला लावलं. बरोबरच केलं.

सोबत पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट, घोट्याच्या वर येणारे बूट (घोणस, फुरसं दोन्ही असतात, दगड हाताने उलटू नका, सब्बलने म्हणजे पहारीने उलटा), चामडी हातमोजे, दोन लिटर पाणी, टोपी. अवजारं तिथे मिळतात. नाश्त्याला परत येताना वाडीत तर्री पोहे, पण लहान मुलं असतील तर डबा न्याच.

एक विनंती. जुलैत साठ माणसं येतात आणि एप्रिलमध्ये, पंचेचाळीस डिग्रीत, पाणी घालायला सातआठ. मागच्या वर्षीची जी रोपं जळालेली दिसली ती सगळी उन्हाळ्यात गेलेली, काही पाण्यावाचून आणि काही वणव्यात. दिवाळीनंतर वाळलेलं गवत कापून जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून मोकळा पट्टा, काढायची असते, ते गवत गावातले लोक जनावरांना नेतात, त्या कामाला माणसं कमी पडतात. तुम्हाला वर्षात एकच रविवार जमत असेल तर पावसाळ्यातला सोडा आणि एप्रिलमधला द्या. मी दोन लिहून ठेवलेत, गाडीत चार कॅन मावतात, वर्धा रोडच्या बाजूने कोणी येणार असेल तर सोबत जाऊ.