डाउन सिंड्रोम, छत्तिशीतच सुरकुतलेली त्वचा आणि आमचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, वय 36. गेल्या वर्षभरात तो एकदम वयस्कर दिसायला लागला, कानशिलावरचे केस पिकले, मानेवर सुरकुत्या, ओठांचे कोपरे कायम फुटलेले आणि हात इतके खरखरीत की स्वेटरचे धागे अडकायचे. लग्नकार्यात लोक विचारायचे हा मोठा का तू, ते लागायचंच, पण त्याहून वाईट म्हणजे रात्री तो पोटऱ्या खाजवून खाजवून रक्त काढायचा आणि खाज येतेय हे सांगायचाच नाही, नुसता चिडचिड करायचा.

पहिल्या डॉक्टरांनी "यांचं असंच असतं, लवकर म्हातारपण येतं" म्हणत एक क्रीम लिहून वाटेला लावलं. फार राग आला मला. लवकर म्हातारपण येतं हे खरंय, 21 व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते ना त्यामुळे पेशींवर ताण जास्त पडतो असं मानतात, 2015 च्या एका संशोधनात तर रक्त आणि मेंदूच्या पेशींचं जैविक वय सरासरी 6.6 वर्षं पुढे निघालं होतं. पण म्हणून तपासायचंच नाही का?

दुसऱ्या स्किनवाल्या मॅडमनी त्याचे हात हातात घेऊन नीट बघितले, त्यालाच विचारलं "कुठं कुठं खाज येते, दाखव बरं" आणि त्यानं पँट वर करून दाखवलं! मग त्यांनी मला विचारलं थायरॉईड शेवटचं कधी केलं होतं. डाउनमध्ये थायरॉईड मंदावणं खूप कॉमन आहे, त्यानंही त्वचा कोरडी पडते, केस विरळ होतात, माणूस सुस्तावतो, आणि घरच्यांना वाटतं वयच झालं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, दरवर्षी करायची असते, आमची मधली वर्षं राहूनच गेली होती. रिपोर्ट वाढलेला आला, गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी.

बाकी रोजचं म्हणजे कडकडीत पाण्याची आंघोळ बंद, साबण सौम्य, अंग टिपून ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. टाचांना युरियाचं क्रीम दिलंय पण ते भेगांवर झोंबतं, म्हणून आधी साधं व्हॅसलीन लावून भेगा भरू दिल्या. उन्हात जाताना सनस्क्रीन, यावर मात्र अजून भांडणं होतात, त्याला तो चिकटपणा सहन होत नाही. मॉइश्चरायझर तो आता स्वतः लावतो, आरशासमोर, आधी डावा हात मग उजवा, आणि पाठ आली की "ताईऽऽ" अशी हाक येते.

काही महिन्यांत खाज थांबली, झोप लागायला लागली, ओठ भरले. सुरकुत्या आहेत तशाच आहेत आणि त्या जाणार नाहीत हे मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. डाउनमध्ये मोतीबिंदू आणि ऐकू कमी येणंही लवकर सुरू होऊ शकतं, त्यामुळे आता डोळे आणि कान तपासायला नेणार आहोत. तुमच्याकडे कुणी असेल तर आधी टीएसएच करून घ्या, क्रीमचं नंतर बघा.