दर दोन तासांनी कूस

बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला 'अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग' सुरू झालं, तेव्हापासून बेडसोअरबद्दल, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांबद्दल, वाचतेय. त्यांचा धोका मोजायची ब्रेडन स्केल, 6 ते 23 गुण, गुण जितके कमी तितका धोका जास्त. सगळं पाठ होतं.

आज वॉर्डात पक्षाघात झालेले एक आजोबा होते, मुळशीकडचे. मी आणि मैत्रिणीने त्यांना कुशीवर वळवलं, तर माकडहाडापाशी लाल डाग. बोटाने दाबला, पांढरा पडलाच नाही. म्हणजे बेडसोअरची पहिली पायरी. कातडी शाबूत, पण आत सुरुवात झालेली. पोटात धस्स झालं. लगेच मॅडमना दाखवलं, पाठ कोरडी केली, गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, वेळ चार्टवर लिहिली.

आजी मायेने तिथे तेल चोळायला निघाल्या. लाल झालेल्या जागी चोळायचं नसतं, आतल्या पेशींना आणखी इजा होते, हे त्यांना हळू समजावलं. मग म्हणाल्या, "मग मी काय करू गं पोरी?" त्यांना कूस बदलताना हात कुठे धरायचा ते शिकवलं. दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं.

स्वारगेटच्या बसमध्ये बसलेय. आठ वाजत आलेत. आत्ता आजोबांना डाव्या कुशीवर वळवायचं असेल.